काडतूस चेंबरमध्ये अडतंय? आधी ते कुठे अडतंय ते शोधा

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. मुलगी ५० मीटर प्रोनचा, म्हणजे पालथं झोपून नेमबाजीचा, सराव करते आणि क्लबची जुनी जर्मन .२२ मॅच रायफल वापरते. सुरुवातीला सगळं सुरळीत असतं. तीस-चाळीस राउंड झाले की काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ते बसतं त्या जागेत, जाताना अडायला लागतं आणि शेवटी शेवटी ती बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) तळहाताने ढकलून बसवते. काडतुसांचा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, महिन्याभरापूर्वी बदलला आहे. केस (काडतुसाची पितळी पुंगळी) नीट रिसाइज झाली नसेल, म्हणजे पुन्हा मापात आली नसेल, तर असं होतं, असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूम असलेला तुमचा मित्र म्हणतो की एमरी (घासायचा कागद) लावून चेंबर पॉलिश करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. तर ते करून घ्यावं का?

करून घेऊ नका. आणि त्याच्याही आधी, तळहाताने बोल्ट ढकलणं आजपासून बंद करायला सांगा. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. ठिणगी पाडणारं मिश्रण बुडाच्या मधोमध बसवलेल्या वेगळ्या कॅपमध्ये नसतं, ते केसच्या बुडाशी असलेल्या पातळ कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर चिमटते आणि राउंड उडतो. काडतूस पुढे अडलेलं असताना बोल्टवर हिसका दिला तर तीच कड चिमटली जाऊ शकते, तीही बोल्ट पूर्ण लॉक झालेला नसताना. अशा वेळी राउंड उडाला तर गरम वायू आणि पितळेचे तुकडे मागे येतात, आणि मुलीचा डोळा तिथून वीतभर अंतरावर असतो. म्हणून नियम एकच ठेवा. बोल्ट दोन बोटांच्या जोराने बंद होत नसेल तर थांबायचं, नळी टार्गेटकडेच ठेवायची आणि हात वर करायचा. शूटिंगचा चष्मा सरावातही घालायचा.

आता रिसाइजचं. तुम्ही वाचलंत ते चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या जातीच्या काडतुसाबद्दल आहे. .३०८ सारख्या सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध कॅप असलेल्या, काडतुसाची पितळी केस उडताना चेंबरभर फुगते आणि दाब उतरला की थोडी आकसते, पण मूळ मापावर परत येत नाही. बाहेरच्या देशांत ३०० मीटरचे नेमबाज तीच केस पुन्हा भरतात. त्यासाठी ती डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून परत मापात आणावी लागते. डाय प्रेसमध्ये पुरेशी खाली बसवलेली नसेल तर केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे सरकत नाही आणि बोल्टचा दांडा खाली येताना घट्ट लागतो. साधारणपणे खांदा ०.०५ मिलिमीटर मागे आला तरी पुरतं. केस वारंवार वापरून कडक झाली असेल तर ती डायमधून निघाल्यावर पुन्हा स्प्रिंगसारखी उलटते. मानेची लांबी वाढली असेल, तर मान चेंबरच्या पुढच्या पायरीला टेकते. गोळी बसवताना क्रिम्प (केसचं तोंड गोळीभोवती आवळणं) जास्त दाबला गेला तर खांदा बाहेर फुगतो आणि रिसाइज केलेली केसही आत जात नाही. तिकडचे लोक या सगळ्यावर पानंच्या पानं लिहितात ते त्यासाठीच.

.२२ ला यातलं काहीच लागू होत नाही. त्या केसला मानही नाही आणि खांदाही नाही. ती चेंबरमध्ये आपल्या रिमवर टेकते आणि एकदाच वापरली जाते. त्यामुळे तुमच्या बाबतीत केसचं माप परत आणण्याचा प्रश्नच येत नाही. तरी त्या लोकांची एक सवय आपण घ्यावी अशी आहे. काडतूस अडलं की ते आधी विचारतात, नेमकं कुठे अडलं? पुढे, मध्ये की शेवटी? पॉलिशचा विचार त्यांच्या मनात सगळ्यात शेवटी येतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही याच वाटेने मिळेल.

रायफल हातात न घेता मी निदान सांगू शकत नाही. चेंबर कुठल्या मापाचं कापलंय, आधी कुणी काय केलंय, नवा लॉट कसला आहे, यावर बरंच अवलंबून आहे. पण कारणं मोजकीच असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात.

बोल्टच्या हालचालीचे दोन भाग करा. पहिला भाग म्हणजे बोल्ट सरळ पुढे जातो आणि काडतूस चेंबरमध्ये सरकतं. दुसरा म्हणजे दांडा खाली फिरतो आणि बोल्ट लॉक होतो. मुलीला विचारा, जोर नक्की कधी लागतो? पुढे ढकलतानाच अडत असेल तर गडबड चेंबरच्या भिंतीत, चेंबरच्या पुढच्या टोकाला किंवा गोळीत आहे. काडतूस सहज आत जाऊन दांडा खाली येताना जड होत असेल, तर गडबड रिमच्या जागेत, बोल्टच्या तोंडावर किंवा बोल्टच्या लॉकिंग लग्जवर (बोल्ट लॉक करणाऱ्या उंचवट्यांवर) आहे. बहुतेक पालक आणि बरेच शूटर दोन्हीला ‘बोल्ट जड लागतो’ एवढंच म्हणतात. तिथेच अर्धं निदान हातातून जातं.

मग चेंबर रिकामं आहे याची डोळ्यांनी खात्री करा आणि रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद करून पाहा. बहुतेक मॅच रायफलींत फायरिंग पिनची स्प्रिंग बोल्ट उघडताना ताणली जाते, त्यामुळे बंद करताना बोल्ट अगदी हलका असायला हवा. रिकामं असतानाही जड लागत असेल तर काडतुसाचा काही दोष नाही. लग्जवर ग्रीसचा पातळ थर आहे का ते बघा. कोरडे धातू एकमेकांवर घासून ओरखडे पडलेले दिसतात. ग्रीस असेल पण त्यात धूळ मिसळून काळा लगदा झाला असेल, तर पुसून नवं लावा. मटारच्या दाण्याएवढंसुद्धा लागत नाही, त्याच्या चौथाईत भागतं.

रिकामा बोल्ट हलका आहे आणि काडतूस घातल्यावरच दांडा जड होतोय असं निघालं, तर टॉर्च घेऊन नळीचा मागचा काठ पाहा. एक्स्ट्रॅक्टरचे, म्हणजे केस बाहेर ओढणारे, पंजे बसावेत म्हणून तिथे बारीक खाचा असतात. काडतुसावरचं मेण, न जळलेली दारू आणि पितळेचा कीस या खाचांत इतका घट्ट भरतो की तो धातूचाच भाग वाटावा. मग पंजा आत बसत नाही आणि बोल्ट अगदी शेवटच्या सुताएवढ्या अंतरावर अडतो. .२२ च्या रिमची जाडी १.०९ मिलिमीटरच्या आसपास असते आणि मॅच चेंबरमध्ये तिच्यासाठी सोडलेली जागा त्याहून फार मोठी नसते. तिथे मेणाचा पातळ पापुद्राही जाणवतो. लाकडी टूथपिक आणि जुना टूथब्रश एवढ्यावर हे काम होतं. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक किंवा सुई घालू नका.

तुमच्या वर्णनातला ‘तीस-चाळीस राउंडनंतर’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चेंबरचं माप चाळीस राउंडमध्ये बदलत नाही. सुरुवातीला सहज जाणारं काडतूस नंतर अडत असेल, तर मधल्या काळात आत काहीतरी साचतंय. .२२ मध्ये ते साचतं ते चेंबरच्या पुढच्या टोकाला, केसचं तोंड जिथे संपतं तिथे. कार्बन, रिममधल्या मिश्रणाची राख, शिशाचा अंश आणि मेण मिळून तिथे एक कडा तयार होतो. शूटर त्याला कार्बन रिंग म्हणतात. मॅच चेंबर इतकं आखूड कापलेलं असतं की बोल्ट बंद होताना गोळीचं शिसं रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) उंचवट्यांत किंचित रुतायलाच हवं. म्हणजे या रायफलींत शेवटी थोडासा प्रतिकार जाणवणं हा दोष नाही, रचनाच तशी आहे. त्या नेमक्या जागी कडा जमला की गोळीला आधी तो ओलांडावा लागतो आणि मगच ती रुतते.

याची एक सोपी खूण आहे. उडालेली रिकामी केस बाहेर येताना कशी येते? ती सहज येत असेल आणि फक्त नवं काडतूस जाताना अडत असेल, तर संशय पुढच्या टोकावर ठेवा. आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे ओढ लागत असेल, तर चेंबरच्या भिंतीवर काहीतरी आहे. मग तो मळ असेल, गंज असेल किंवा उठलेला बर, म्हणजे धातूचा कंगोरा, असेल.

आता साफसफाई. इथे आपल्याकडे दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतो .२२ ची नळी साफ केली की ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) बिघडतो, म्हणून वर्षभर हातच लावायचा नाही. दुसरा रोज नळीतून पाच-पाच वेळा ब्रश फिरवतो. माझ्या मते नळी आणि चेंबर हे दोन वेगळे विषय आहेत. नळी कधी साफ करायची हे रायफल, लॉट आणि शूटर बघून ठरवावं. साफ केल्यावर नव्या मेणाचा थर नीट बसेपर्यंत काही राउंड टार्गेटवर इकडेतिकडे जातात हे खरं आहे, आणि ते राउंड हिशेबात धरावे लागतात. पण चेंबर रोज साफ करायला कुठलीच हरकत नाही. तेवढ्यासाठी नळीत शिरावंही लागत नाही.

पद्धत अशी. सराव संपला की बोल्ट काढा, नळी किंचित खाली झुकवा. चेंबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश बोअर सॉल्व्हंटमध्ये ओला करून मागच्या बाजूने फक्त चेंबरभर आत घाला आणि हाताने फिरवा. ड्रिल मशीन लावायचं नाही, स्टीलचा ब्रश वापरायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं सॉल्व्हंटला काम करू द्या. जुना कडा एका बैठकीत सुटत नाही, दोन-तीन दिवस हे करावं लागतं. मग कापडाचे पॅच घालून चेंबर पूर्ण कोरडं करा. तिथे तेल ठेवू नका. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरून राहत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो, शिवाय पहिले राउंडही भरकटतात. नळीतून रॉड घालायची वेळ आली तर एकसंध, कोटिंग असलेला रॉड घ्या. तो मागून, बोअर गाइडमधूनच (रॉड नळीच्या मध्यात ठेवणाऱ्या नळकांड्यातूनच) घाला. नळीच्या तोंडाशी रॉड घासला तर तिथलं नुकसान भरून निघत नाही.

साफ केल्यानंतर काय होतं हेच खरं निदान आहे. त्रास गेला आणि पुन्हा साधारण तेवढ्याच राउंडनंतर आला, तर कारण मळच होतं. यापुढे दर सरावाला चेंबर साफ करायचं आणि लांबचा सराव असेल तर मध्ये एकदा ओला-कोरडा पॅच फिरवायचा. साफ करूनही पहिल्याच राउंडपासून अडत असेल, तर मळ हे कारण नाही. मग पुढे जा.

पुढचा संशय बर. क्लबची जुनी रायफल म्हणजे तिच्यावर कितीतरी मुलांनी ड्राय फायरिंग, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव, केलेलं असणार. काही रिमफायर रायफलींत चेंबर रिकामं असताना ट्रिगर ओढला की पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. हजारो वेळा तसं झालं की काठावर खड्डा पडतो आणि खड्ड्यातलं पोलाद चेंबरच्या आत ढकललं जातं. टॉर्च लावून काठ पाहा. पिनच्या आकाराची खूण दिसत असेल आणि तिथेच आतल्या बाजूला चमकणारी फुगोटी असेल, तर तुम्हाला उत्तर सापडलं. अजून एक तपास आहे. त्याच रायफलची उडालेली केस घ्या, बोटाने चेंबरमध्ये सरकवा, मग थोडी फिरवून पुन्हा सरकवा. बर असेल तर केसवर चेंबरच्या एकाच जागेसमोर, घड्याळाच्या एकाच आकड्याशी, सरळ रेघ उमटते. केस फिरवली तरी नवी रेघ चेंबरच्या त्याच जागेसमोर पडते.

हा बर कानस किंवा एमरीने काढायचा नसतो. तो परवानाधारक गनस्मिथ खास हत्याराने परत आपल्या जागी दाबून बसवतो. धातू काढला जात नाही, सरकलेला धातू मागे नेला जातो. यातला फरक तुमच्या टूलरूमवाल्या मित्राला लगेच कळेल.

आता मित्राच्या सूचनेवर बोलतो, कारण तो प्रामाणिकपणे मदत करू पाहतोय आणि कोल्हापुरात असे हात घरोघरी आहेत. मी स्वतः शिरोलीत टूलरूममध्ये काम करून मग रेंजवर आलो. उद्यमनगरातला चांगला कारागीर काही मायक्रॉनमध्ये बोअर बसवून देतो याबद्दल मला शंका नाही. पण त्याला इथे काम करायला मापच दिलेलं नाही. चेंबर सरळ नळकांडं नसतं, त्याला बारीक उतार असतो आणि तो त्या मापाच्या रीमरने कापलेला असतो. काडीला एमरी गुंडाळून फिरवलं की तोंडाशी जास्त आणि आत कमी झिजतं, म्हणजे चेंबरचं तोंड घंटेसारखं पसरतं. मग काडतूस छान आत जातं. पण उडताना केस तोंडाशी, जिथे रिम आहे तिथेच, आधाराशिवाय फुगते. कधी ती फाटते, कधी फुगून अडकते आणि बाहेर येत नाही. काडतूस दर वेळी नळीच्या मध्यरेषेत बसत नाही आणि ग्रुप उघडतो. ज्या कार्बनच्या कड्यामुळे त्रास होत होता तो मात्र पुढच्या टोकाला तसाच राहतो, कारण एमरी तिथपर्यंत नीट पोचतच नाही.

दुसरी बाजू कायद्याची. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. काडतूस बनवण्यालाही तेच कलम आहे. मित्राला यात ओढू नका. शिवाय रायफल क्लबची आहे. तिच्या चेंबरला हात लावायचा निर्णय तुमचा नाही आणि माझाही नाही.

लॉट बदलला आहे, हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. दोन लॉटमध्ये गोळीचा व्यास, एकूण लांबी, रिमची जाडी यांत बारीक फरक असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचं वंगणही वेगळं असतं. एलीचं मेणासारखं कोरडं, तर लापुआ आणि एसकेचं तेलकट. एकावरून दुसऱ्यावर जाताना नळी आणि चेंबर साफ न करता गेलात तर दोन्ही मिसळून चिकट थर तयार होतो, आणि हे मी रेंजवर बरेचदा पाहतो. जुन्या लॉटचे काही राउंड शिल्लक असतील तर साफ केलेल्या चेंबरमध्ये आधी जुने आणि मग नवे चालवून पाहा. जुने सहज आणि नवे पहिल्यापासून जड, असं असेल तर तो लॉट या चेंबरला मानवत नाही. अशा वेळी लॉट बदलावा, चेंबर बदलू नये. काडतुसं संपतात, चेंबर तेच राहतं. मात्र आपल्याकडे हवा तो लॉट हवा तेव्हा मिळत नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणून दोन क्लबमधले शूटर आपापसात बोलून कुणाच्या रायफलला कुठला लॉट चालतो हे ठरवतात आणि क्लबमार्फत रीतसर अदलाबदल होते. त्या वाटेने जा.

व्हर्नियर असेल तर नव्या लॉटची एकूण लांबी मोजून पाहायला हरकत नाही. २५.४ मिलिमीटर ही वरची मर्यादा आहे. मोजताना गोळी दाबू नका, पिळू नका. ती केसमध्ये अगदी हलकी धरलेली असते. याच कारणाने सुटी काडतुसं खिशात घेऊन फिरणं वाईट. गोळी किंचित कलली तरी ती चेंबरच्या काठावर अडते.

अजून एक कारण आहे, आणि ते रायफलमध्ये नाही. मुलीचा हात पाहा, विशेषतः शेवटच्या वीस राउंडना. सिंगल शॉट मॅच रायफलमध्ये काडतूस ट्रेवर ठेवून बोटाने पुढे सरकवायचं असतं. शूटर थकली की ते तिरपं टाकते आणि बोल्टलाच ढकलू देते. मग गोळीचं नाक काठाला घासतं आणि शिशाची पापडी निघून चेंबरच्या तोंडाशी बसते. पुढचं काडतूस त्या पापडीवर अडतं. अडतं म्हणून ती जोर लावते, जोर लावला की अजून शिसं खरवडतं. टॉर्चने पाहिलंत तर राखाडी, चमकदार चिपाट दिसेल. शिकवताना मी मुलांना काडतूस अर्धंअधिक बोटानेच आत घालायला लावतो. वेळ जातो असं त्यांना वाटतं, पण ६० राउंडच्या मॅचमध्ये तेवढा वेळ असतो.

आणि प्रोनमध्ये हे का महत्त्वाचं ते मुलीला समजावून सांगा. या प्रकारात आडवं झाल्यावर कोपर, स्लिंग (दंडाला अडकवलेला रायफलचा पट्टा) आणि खांदा एकदा बसवले की शेवटपर्यंत हलू द्यायचे नसतात. बोल्टवर जोर लावला की उजवा खांदा सरकतो, बट (रायफलचं मागचं टोक) खांद्यात वेगळ्या जागी बसते आणि नळी आपोआप जिथे वळायची ती जागा बदलते. आपल्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा ६०० पैकी ५९७ गुण केले होते. साठ राउंडमध्ये तीन गुण गेले. तिथवर पोचायचं असेल तर प्रत्येक राउंडनंतर नव्याने पोझिशन शोधणं परवडत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

कोल्हापूरच्या हवेचंही थोडं बोलायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाट उघडलं तरी ओल लागते. रायफल फोमच्या पेटीत तशीच ठेवली तर फोम ओल धरून ठेवतो आणि चेंबरमध्ये बारीक गंज पडतो. पावसाळ्यात रायफल पेटीतून काढून रॅकवर उभी ठेवा. चेंबर कोरडं करा, आणि रायफल काही दिवस वापरायची नसेल तरच तेलाचा हलका थर द्या. सरावाच्या आधी तो पुसून काढा. एसी हॉलमधून थेट बाहेरच्या रेंजवर आणलेल्या रायफलच्या पोलादावर दव धरतं, ती थोडा वेळ तशीच उघडी राहू द्या. काडतुसांवर हिरवट डाग दिसले तर ती वेगळी काढा. पितळेवरचे क्षारच केस जाड करतात. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, मेण मऊ पडतं आणि धूळ धरतं. काडतुसांचा डबा उन्हात ठेवायचा नाही. जमिनीवर पडलेलं काडतूस पुसून वापरायचं नाही, कारण मेणात रुतलेली खर पुसून जात नाही. असे राउंड क्लबच्या खराब काडतुसांच्या डब्यात जमा करा. आणि दिल्लीला तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर डिसेंबर-जानेवारीत मॅच असेल, तर इथे हलका असलेला बोल्ट तिथे जड लागू शकतो. थंडीने ग्रीस आणि मेण दोन्ही घट्ट होतात. जाण्याआधी लग्जवरचं जुनं ग्रीस काढून पातळ थर द्या.

एक गोष्ट राहिली. काडतूस अर्धवट आत अडकलं तर ते मागे ओढताना गोळी नळीतच राहून केस तेवढी बाहेर येऊ शकते आणि दारू ॲक्शनमध्ये सांडते. मॅच चेंबरमध्ये गोळी रायफलिंगला रुतलेली असते, म्हणून हे होतं. असं झालं तर दुसरं काडतूस घालायचं नाही. रेंज ऑफिसरला सांगायचं आणि पुढचं काम क्लबच्या आर्मररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्याने, करायचं. नळीच्या तोंडातून रॉड घालून आत अडकलेलं जिवंत काडतूस कुणीही ढकलू नये. वर सांगितलेल्या तपासांपैकी जिवंत काडतूस लागणारे सगळे तपास फायरिंग लाइनवर, रेंज ऑफिसरच्या परवानगीने आणि नळी टार्गेटकडे ठेवूनच करायचे. घरी जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालून पाहायचं नाही.

तुमच्या वर्णनावरून मी पैज कार्बनच्या कड्यावर लावीन. लॉट बदलताना चेंबर साफ न झाल्याने त्याला हातभार लागला असावा. तेव्हा उद्या खाचा आणि बोल्टचं तोंड साफ करा, तीन दिवस चेंबरला सॉल्व्हंट द्या, मग मुलीला एक पूर्ण सराव करू द्या आणि कितव्या राउंडला बोल्ट जड झाला ते तिच्या वहीत लिहून ठेवा. जोर पुढे ढकलताना लागला की दांडा खाली आणताना, केस बाहेर येताना ओढ लागली का, राउंड कुठल्या लॉटचा होता, हेही त्याच ओळीत लिहा. दोन सरावांच्या नोंदी झाल्यावरही त्रास तसाच असेल, तर ती वही आणि तीन-चार उडालेल्या केसेस घेऊन क्लबच्या आर्मररकडे जा. केसवरच्या रेघा बघून गनस्मिथला बोलवायचं की नाही हे तो तिथल्या तिथे सांगेल.